दबीरचे झरे, दिव्याची खोली

आमच्या घरात कनान देशातलं एक शहर जवळजवळ दर शुक्रवारी संध्याकाळी जिंकलं जायचं. आईने दिवे लावले, काळ्या मनुकांच्या शरबताचा एकेक घोट सगळ्यांच्या पोटात गेला, चपातीचा तुकडा मिठाला लावून खाऊन झाला, की पप्पा भिंतीला टेकून बसायचे आणि म्हणायचे, "तर दबीर." मी आणि ताई एकमेकींकडे बघायचो. जेवण अजून झाकलेलंच असायचं.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. आमचे पूर्वज कोकणात तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या दिवशी, तो बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. पप्पांच्या पिढीपर्यंत घाणा गेला आणि शनिवार राहिला. पप्पा ठाण्यातल्या एका छापखान्यात बाइंडिंग खात्यात होते. टेंभी नाक्याजवळच्या चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या आणि सिनेगॉग चालत जायच्या अंतरावर होतं. जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणायची. पप्पा सकाळी टोपी घालून "मशिदीत जाऊन येतो" म्हणून निघाले की नवे भाडेकरू बुचकळ्यात पडायचे.

आमच्या शास्त्रात इस्राएल लोकांनी कनानातली, म्हणजे देवाने त्यांना कबूल केलेल्या देशातली, बरीच शहरं जिंकली. त्यातलं यरीहो सगळ्यांना माहीत असतं, कारण तिथे नुसत्या शिंगांच्या आवाजाने भिंती पडल्या. पप्पांना यरीहोचं काही कौतुक नव्हतं. "भिंत काय, आपल्या चाळीचीही पडली होती," म्हणायचे. त्यांचं शहर दबीर. त्याचं जुनं नाव किर्याथ-सेफर, म्हणजे पुस्तकांचं नगर. असं नाव ऐकून बाइंडरच्या मनाचं जे व्हायचं ते त्यांचं झालं होतं. गोष्ट अशी, की एका म्हाताऱ्या सरदाराने जाहीर केलं, हे नगर जो जिंकेल त्याला माझी मुलगी देईन. त्याच्याच नात्यातल्या एकाने ते जिंकलं. मुलगी दिली, सोबत जमीनही दिली. पण जमीन दक्षिणेकडची, कोरडी ठणठणीत. मग ती मुलगी गाढवावर बसून बापाकडे आली आणि खाली उतरली. बापाने विचारलं, काय हवंय? ती म्हणाली, कोरडी जमीन दिलीत, आता पाण्याचे झरेही द्या.

इथे पप्पा थांबायचे. मग बोट वर करून म्हणायचे, "त्याने वरचे झरे दिले आणि खालचेही दिले. याला म्हणतात बाप."

मला या गोष्टीत शंका होत्या. पुस्तकांच्या नगरातल्या पुस्तकांचं पुढे काय झालं? "शास्त्रात नाही," पप्पा म्हणायचे. लग्नाआधी मुलीला कोणी विचारलं होतं का? "शास्त्रात नाही." हे नगर शास्त्रात दोनदा जिंकलं गेलंय, वेगवेगळ्या माणसांनी, एकदा जिंकलेलं परत का जिंकावं लागलं? "कच्चं बाइंडिंग." आणि बापाकडे झरे होतेच, तर पहिल्यांदाच पाण्याची जमीन द्यायला काय झालं होतं? यावर पप्पा म्हणायचे, "मटण गार होतंय." ताई अशा शंका काढायची नाही. ती गोष्ट ऐकायची, मान डोलवायची आणि ताटं मांडायची. हुशार मुली अशाच असतात असं आई म्हणायची, आणि म्हणताना माझ्याकडे बघायची.

ताईचं लग्न ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर झालं. भावोजींनी काहीही जिंकलेलं नव्हतं. ते डोंबिवलीच्या एका कारखान्यात फिटर होते, आई-बाप आणि दोन भावांबरोबर दीड खोलीत राहत होते, आणि स्वभावाने इतके गरीब होते की बसताना खुर्चीला धक्का लागला तर खुर्चीची माफी मागतील. राहायला जागा नाही, हीच काय ती अडचण होती. पप्पांनी निवृत्तीनंतर हाती आलेलं सगळं घालून दिवा स्टेशनाजवळ, दिव्याला, एक खोली घेऊन ठेवली होती, स्वतःच्या म्हातारपणासाठी. लग्नाच्या दिवशी त्यांनी तिची किल्ली ताईच्या हातावर ठेवली. सगळ्यांनी वाहवा केली. आईचे डोळे भरून आले. पाणी आहे का, हे मात्र एकानेही विचारलं नाही. ठाण्याच्या माणसाला हा प्रश्न सुचतच नाही. इथे कुठल्याही रस्त्याने निघालं तरी शेवटी एखादा तलाव लागतो.

दिव्याला तेव्हा इमारती नुकत्या उगवायला लागल्या होत्या. खाडीकाठच्या खाजणात, म्हणजे भरतीचं पाणी शिरणाऱ्या जमिनीत, भर टाकून त्या उभ्या केलेल्या. भरतीला चारी बाजूंनी पाणी चमकायचं आणि नळाला थेंब नसायचा. खाली आवारात एक नळ होता, तो मनात येईल तेव्हा यायचा. टँकर यायचा तेव्हा भांडणं व्हायची. माझी ताई, जी कधी कोणाला "अगं जरा सरक" म्हणाली नव्हती, ती एका वर्षात हंड्याने वाट काढायला शिकली. दर रविवारी ती कपड्यांचं बोचकं घेऊन ठाण्याला यायची, धुणं धुवायची, डोक्यावरून न्हायची आणि ओले कपडे घेऊन परत जायची. पप्पा खूश असायचे. मुलीने माहेरी यावं, असं त्यांचं मत होतं.

एके वर्षी होळीनंतर ती रविवार नसताना आली. रिक्षातून उतरली तेव्हा दोन्ही हातांत रिकामे कॅन होते आणि चेहरा असा होता की रिक्षावाल्यानेसुद्धा सुट्ट्यांवरून वाद घातला नाही. पप्पा गॅलरीत माझ्याशेजारी उभे होते. त्यांनी वरूनच विचारलं, "काय गं, काय हवंय?"

मी चटकन पप्पांच्या तोंडाकडे बघितलं. त्यांच्या काहीही लक्षात आलेलं नव्हतं.

ताई वर आली, कॅन खाली ठेवले आणि म्हणाली, "पाणी हवंय, पप्पा. नाहीतर जायची परवानगी हवी."

जायची म्हणजे इस्राएलला जायची. आमच्यातली निम्मी माणसं गेलीच होती. भावोजींचे दोन्ही भाऊ गेले होते आणि तिथून बोलावत होते. भावोजींचंही मन होतं, पण पप्पांनी हो म्हटल्याशिवाय ते पाऊल उचलणार नव्हते, आणि ताईही नाही. आणि पप्पा हो म्हणत नव्हते. "दोन हजार वर्षं इथे आहोत. कोणी खडा मारला नाही. इथे काय कमी आहे?" असं ते प्रत्येक जाणाऱ्याला विचारायचे, आणि जाणाऱ्यांकडे धड उत्तर नसायचं. ताईकडे होतं.

"पाऊस लागेपर्यंत थांब," पप्पा म्हणाले. "पावसाच्या आत दिव्याला पाणी आणतो."

ताईने मान डोलवली, कॅन भरून घेतले आणि गेली. त्या रात्री पप्पा जेवले नाहीत. धाकटी इथे होतीच, पण धाकटी म्हणजे मी. पप्पांचा जीव ताईत होता. मला त्याचं वाईट वाटायचं नाही असं नाही, पण तिच्याबद्दल मलाही तसंच वाटायचं, त्यामुळे तक्रार करायची सोय नव्हती.

पप्पा आधी पालिकेत गेले. पालिकेने सांगितलं, लाइन येणार आहे. कधी, ते पालिकेच्याही शास्त्रात नव्हतं. मग ठरलं की बोअर मारायची. ताईच्या समोरच्या दारात सोसायटीचे सेक्रेटरी राहायचे. ते बौद्ध होते, पोस्टात नोकरीला, शांत माणूस. पप्पांनी त्यांना दबीरची गोष्ट सांगितली. सेक्रेटरींनी पूर्ण ऐकून घेतली आणि म्हणाले, "तिने पाणी मागितलं आणि त्याने दिलं? संपलं? आमच्याकडची पाण्याची गोष्ट एवढ्यात आटपत नाही, काका." पण बोअरच्या गाडीची चौकशी करायचं त्यांनी कबूल केलं.

प्रश्न जागेचा होता. इमारतीच्या मागे एक पट्टी होती, तिथेच गाडी उभी राहू शकत होती, आणि ती पट्टी तळमजल्यावरच्या कोळीणमावशीची होती. सगळी इमारतच तिच्या सासरच्या खाजणात उभी होती. बिल्डरने त्यांना दोन खोल्या दिल्या आणि हिशेब मिटला म्हणून सांगितलं. मावशीने खोल्या घेतल्या, पण मागची पट्टी सोडली नाही. तिथे तिची जाळी वाळायची. सोसायटीतल्या कोणाशी ती बोलायची नाही. पप्पांशी मात्र बोलायची, कारण ते मासळी घेताना घासाघीस करत नसत आणि त्यांचं तिला नवल वाटायचं. आमच्यात खवलं नसलेलं काही खात नाहीत. कोलंबी नाही, खेकडा नाही, मुशी नाही. पप्पांच्या पोटात काहीतरी मोठं दुखणं आहे, अशी तिची खात्री होती.

एका सकाळी पप्पा तिच्या पायरीवर बसले आणि पट्टीचा विषय काढायच्या आधी दबीरपासून सुरुवात केली. मी शेजारी उभी होते. मावशी पापलेट साफ करत ऐकत होती. झऱ्यांपर्यंत गोष्ट आली, पप्पांनी बोट वर केलं, "याला म्हणतात बाप" म्हणून झालं.

"आन त्या गावातली मानसं कुठं गेली?" मावशीने विचारलं.

पप्पा घुटमळले. इथे 'शास्त्रात नाही' म्हणता येईना, कारण शास्त्रात आहे. "मारली," ते म्हणाले.

"सगली?"

"सगळी."

"म्हंजे झरे त्यांचेच," मावशी म्हणाली आणि पापलेटाचं पोट धुऊन टाकलं.

पप्पांनी वर केलेलं बोट खाली घेतलं. मग पट्टीबद्दल विचारायचं त्यांच्या जिवावर आलं असावं, कारण ते उठायलाच निघाले. तेव्हा मावशीनेच विचारलं, काय काम काढलं होतंत? त्यांनी सांगितलं. ती म्हणाली, "खना. पोरगी चांगली हाय तुमची, रोज इचारते मला. पन खनताना तुमी सोता उबं राहा. माज्या जाग्यात मी नसताना काय व्हतं ते एकदा बगितलाय."

त्या शुक्रवारी आमच्या घरी दबीर जिंकलं गेलं नाही. जेवण गरम मिळालं.

मे संपत आला आणि गाडीचा पत्ता नव्हता. एका शुक्रवारी, दिवे लागून शब्बाथ सुरू झाल्यावर, भावोजी कारखान्यातून परस्पर धापा टाकत आले. बोअरची गाडी शिळफाट्याला आली होती. उद्या सकाळी दिव्याला येईल, एवढं काम करेल आणि घाटावर जाईल. पावसाआधी पुन्हा यायची नाही. आणि मावशी म्हणते, म्हातारबाबा उभे असल्याशिवाय खुंटी ठोकू देणार नाही.

"उद्या शनिवार," आई म्हणाली. ते सगळ्यांनाच माहीत होतं.

पप्पा शनिवारी वाहनात बसत नसत, पैशाला हात लावत नसत, आणि कोणाला काम सांगतही नसत. छापखान्यात एकदा याच पायी त्यांची बढती गेली होती आणि त्याबद्दल ते फुशारकीसुद्धा मारत नसत, इतकं ते साधं होतं. भावोजी दाराशी उभे राहून चपलेच्या अंगठ्याकडे बघत होते. त्यांना वाटत असावं की शब्बाथचीही माफी आपणच मागायची आहे.

"चालायला मनाई नाही," पप्पा म्हणाले.

"ठाण्याहून दिव्याला? मेच्या उन्हात?" आई म्हणाली.

"पाय आहेत."

आईने मला सोबत पाठवलं. मी कॉलेजात होते आणि शनिवारच्या बाबतीत जरा पातळच होते. निघताना आईने माझ्या मुठीत नोट कोंबली आणि कानात म्हणाली, "चक्कर आली तर सरळ रिक्षात घाल. पाप माझ्या नावावर."

पप्पांनी छत्री घेतली नाही, कारण शनिवारी ओझं वाहायचं नाही. रुमाल हातात धरला तर ओझं होतं, मनगटाला बांधला तर कपडा होतो, म्हणून तो मनगटाला बांधला. पाण्याची बाटली मी घेतली. ते माझं पाप होतं, पण कळव्याचा पूल ओलांडल्यावर त्यातलं निम्मं पाणी तेच प्यायले. पारसिकच्या डोंगराखालून आम्ही ट्रकच्या धुरातून चाललो. शेजारून गाड्यांमागून गाड्या दिव्याकडे जात होत्या. मी प्रत्येक गाडीकडे बघत होते आणि पप्पा एकाही गाडीकडे बघत नव्हते.

"पप्पा, पाणी लागलं तर ताई राहील?"

"राहील."

"आणि नाही लागलं तर?"

"लागेल," ते म्हणाले आणि चालण्याचा वेग वाढवला. मला त्यांचा भयंकर राग आला होता. त्यांचे पाय सुजलेले मला दिसत होते. या माणसाने हिला पाण्याची खोली आधीच दिली असती तर आज आपण घरात पंख्याखाली असतो, असं मी मनात धुमसत होते. मुंब्र्यानंतर रुळांच्या कडेने पायवाट होती, दोन्ही बाजूंना खाजण. तिथे त्यांनी पहिल्यांदा माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो दिव्यापर्यंत काढला नाही.

गाडी येऊन उभी होती. सगळी इमारत मागच्या पट्टीत जमली होती. बायकांनी हंडे, बादल्या, कोणीतरी तर टोपसुद्धा आणून रांगेत मांडलेले. गाडीवाला पप्पांपाशी आला. "काका, चालू करू?"

"आज शनिवार," पप्पा म्हणाले.

"हो काका. करू ना?"

"मी शनिवारी काही सांगत नाही."

"म्हणजे नको?"

"नको असं मी म्हटलं का?"

गाडीवाल्याने सेक्रेटरींकडे बघितलं. सेक्रेटरींनी आकाशाकडे बघितलं. शेवटी कोळीणमावशी ओरडली, "आरं चालू कर रं! म्हातारा ठाण्याशी चालत आलाय, तो काय जाली बगायला?"

मशीन सुरू झालं. आधी सुकी धूळ उडाली, सगळे पांढरे झाले. मग करडा चिखल आला. मग बऱ्याच वेळाने, लोक बसायच्या बेतात असताना, पाणी उसळून वर आलं आणि एकच गलका झाला. मुलं त्यात नाचायला लागली. सेक्रेटरींनी भावोजींना मिठी मारली. पप्पा धुळीने माखलेले, मनगटाला रुमाल, तसेच उभे होते, आणि त्यांचं तोंड लहान मुलासारखं उघडं राहिलं होतं.

ताईने ओंजळ धरली आणि पाणी तोंडात घेतलं. मी तिच्याकडे बघत होते. तिने ते थुंकलं नाही, गिळलं.

खाडी एवढी जवळ, पाणी खारं लागणार, हे सगळ्यांनी आधीच सांगितलं होतं. मावशीने सांगितलं होतं, भावोजींनी चाचरत सांगितलं होतं, गाडीवाल्यानेही सांगितलं होतं. पप्पांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं होतं आणि कोणाचंही मनावर घेतलं नव्हतं.

"धुण्याला चालेल, पप्पा," ताई म्हणाली. "भांड्यांनाही."

पप्पांनी चाखलं. "चालेल," ते म्हणाले. मग ते मावशीच्या बाजल्यावर, वाळत घातलेल्या जाळ्यांच्या कडेला, बसले. रांगेतले हंडे एकेक करून भरले जात होते; खारं का होईना, पाणी होतं. ताई त्यांच्या पायाशी बसून त्यांच्या घोट्यांवर तेच पाणी ओतत होती.

"उद्या रविवार," पप्पा म्हणाले.

"हो."

"उद्या मला विचार."

"काय विचारू?"

"जे विचारायचंय ते. आज मला हो म्हणता येत नाही."

ताईने तांब्या खाली ठेवला आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडायला लागली. पप्पांनी तिच्या केसांतली धूळ झटकली. केस झटकणं हे काम धरतात की नाही, हे त्या दिवशी त्यांनी बघितलं नाही. आकाशात तीन तारे दिसून शब्बाथ सुटेपर्यंत आम्ही तिथेच बसलो, आणि मग लोकलने ठाण्याला आलो. रविवारी ताई आली, तिने विचारलं, आणि पप्पा हो म्हणाले.

पुढच्या शनिवारी सिनेगॉगमध्ये याच्यावर चर्चा झाली. हझान, म्हणजे आमच्याकडे प्रार्थना चालवणारे, पप्पांना म्हणाले, "शब्बाथला चालावं, पण गावाच्या वेशीबाहेर थोडंच. एवढं लांब चालणंही मोडण्यातच जमा होतं." पप्पांचा चेहरा उतरला. शनिवार मोडू नये म्हणून ते चालले होते आणि चालल्यामुळेच तो मोडला होता. मग कोणीतरी त्यांच्या बाजूने म्हणालं, घरं सलग असतील तर गाव पुढे सरकतं, वेसही सरकते. मग ठाणं नक्की कुठे संपतं, यावर वाद सुरू झाला. कळवा सलग धरलं गेलं. पारसिकच्या पायथ्याशी नव्या चाळी झाल्यात, असं मुंब्र्याच्या एकाने शपथेवर सांगितलं. दुसरा म्हणाला, त्या अनधिकृत आहेत, पालिका कधीही पाडेल, त्या कशा धरायच्या? हझान म्हणाले, "शास्त्र घर बघतं, परवानगी बघत नाही." अशा रीतीने अनधिकृत बांधकामांनी पप्पांना मुंब्र्यापर्यंत सोडवलं. पुढे दिव्यापर्यंत मात्र नुसतं खाजण होतं. तेवढं पाप राहिलं. आता तिथेही इमारती झाल्यात, पण मागून बांधलेल्या घरांनी आधीचं पाप फिटत नाही म्हणतात.

नव्वदच्या आसपास ताई इस्राएलला गेली. विमानतळावर पप्पा बोलले ते एवढंच, की बॅगेचं कुलूप हलकं आहे. ती तिकडे दक्षिणेत, एका कोरड्या भागातल्या गावात राहायला लागली. टेंभी नाक्यावर परदेशी फोन करायचा बूथ निघाल्यावर आम्ही महिन्यातून एकदा तिच्याशी बोलायचो. पप्पांनी पहिल्याच फोनवर विचारलं, दबीर कुठेशी आलं? ताईने भावोजींना चौकशी करायला लावली. कळलं असं, की नक्की कोणालाच ठाऊक नाही. दोन वेगवेगळ्या टेकड्या दाखवतात आणि अभ्यासक भांडतात.

"दोनदा जिंकलेलं शहर हरवतं कसं?" पप्पा म्हणाले. त्यांना खरोखर दुखावल्यासारखं झालं. मग विचारलं, "पाणी आहे?"

"दिवसभर असतं, पप्पा. गोडं. नळाला."

"बरं," पप्पा म्हणाले.

फोनवर ती कायम शेवटी एक प्रश्न विचारायची, "दिव्याला पाणी आलं का?" पप्पा म्हणायचे, नाही. ते खरंच होतं. खोली बंद होती. पप्पा अधूनमधून जाऊन खिडक्या उघडून यायचे.

ती गेल्याला दोन पावसाळे झाले आणि पालिकेची लाइन आली. सेक्रेटरी मुद्दाम ठाण्याला सांगायला आले, पेढे घेऊन. पप्पा दुसऱ्याच दिवशी मला घेऊन दिव्याला गेले. त्यांनी ताईच्या मोरीतला नळ सोडला. आधी गंज आला, मग स्वच्छ पाणी. त्यांनी ते प्यायलं, मग खोलीतली सगळी भांडी भरली, ड्रम भरला, फरशी पुसली. वापरायला कोणी नव्हतं.

त्या महिन्यात फोनवर ताईने नेहमीप्रमाणे विचारलं. मी काचेला कान लावून उभी होते.

"नाही अजून," पप्पा म्हणाले.

बूथमधून ते बाहेर आले आणि मी भर रस्त्यात भडकले. "खोटं का सांगितलंत? कळलं असतं तर ती परत आली असती कदाचित!"

"आणि नसती आली तर?"

"तर नसती आली."

"मग ती कशासाठी गेली?" पप्पा म्हणाले. त्यांनी टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. "आत्ता ती पाण्यासाठी गेलीय. तेवढं राहू दे."

पुढच्या महिन्यात पप्पा तापाने पडले होते, म्हणून बूथवर मी एकटीच गेले. काय व्हायचं ते होऊ दे, तिला खरं सांगायचं, असं ठरवूनच गेले होते. मला त्या दोघांच्या आब राखून वागण्याचा वीट आला होता. ताईने पप्पांचा ताप विचारला, आईचे गुडघे विचारले, माझ्या नोकरीचं विचारलं. मग म्हणाली, "दिव्याला पाणी आलं का गं?"

मी तोंड उघडलं. तिच्या आवाजात काहीतरी होतं. पूर्वी परीक्षेचा निकाल विचारताना तिचा आवाज व्हायचा, तसा झाला होता.

"नाही आलं," मी म्हणाले.

ताईने श्वास सोडला. एवढ्या लांबून तो मला स्पष्ट ऐकू आला.

"नाही ना?" ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम मोकळा झाला. "मला वाटलंच. बघ, म्हणजे आम्ही बरोबरच केलं."

मला दोघांचाही राग आला, आणि दोघांसाठी भरूनही आलं. मीटर पळत होता.

"हो ताई," मी म्हणाले, "बरोबरच केलंत."